पाथवाले सायेब आणि माझ्या पाच ओळी

चहा सांगताना हॉटेलाचं नाव घेतलं की पाथवाले सायेब चिडायचे.

"चहा सांग बे. हॉटेल कावून सांगतूस? उद्या त्यानं शटर ओढलं तर माझा चहा बंद का?"

कारखान्याच्या गेटासमोर तेव्हा दोनच हॉटेलं होती, आणि दोन्हींचा चहा सारखाच पांचट होता. पण सायबांचं म्हणणं एकच. पाहिजे ती वस्तू नावानं मागायची, पत्त्यानं मागायची नाही. पेन पाहिजे असला तर नुसतं "पेन" म्हणायचे. कुणी "कुठला, टेबलावरचा का खिशातला?" असं विचारलं की हात तसाच पुढं धरून बसायचे, पेन मिळेपर्यंत.

मी त्यांच्या कॉम्प्युटर खोलीचा शिपाई होतो. माझं शिक्षण चौथी, तीही रडतखडत. त्याआधी मी आणि माझी बायको दरवर्षी ऊस तोडायला जायचो, कर्नाटकापर्यंत. मग आमच्याच तालुक्यात सहकारी कारखाना उभा राहिला, आणि तिच्या मामानं कुणाच्या तरी हातापाया पडून मला रोजंदारीवर चिकटवलं. कोयता सुटला. निदान माझा तरी.

सायेब औरंगाबादला शिकलेले. अंगानं काटकुळे, आवाज मात्र पाटलाचा. खोलीत थंड हवेचं यंत्र होतं म्हणून वैशाखातही स्वेटर घालायचे आणि तसेच उन्हात बाहेर यायचे. चप्पल दाराबाहेर काढायची म्हणजे काढायचीच. एकदा एम.डी. सायेब बूट घालून आत आले तर हे उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, बूट निघेपर्यंत. मला ते पैलवान म्हणायचे. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं.

त्यांचं मुख्य काम म्हणजे तोडणीचा प्रोग्राम. कुणाचा ऊस कुठल्या दिवशी तोडायचा, कुठली टोळी कुठल्या रानात पाठवायची, याच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटर काढून देई. पूर्वी त्या हातानं लिहायचे आणि ज्याचा हात वरपर्यंत पोचे त्याचा ऊस आधी तुटे. सायबांनी ते मोडलं. लागवडीच्या तारखेप्रमाणे पाळी, मग तो चेअरमनचा पाहुणा असो का कुणी एकरभराची बाई असो. म्हणून त्यांच्यावर वरचे लोक खूश नव्हते, आणि खालच्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

आता अडचण अशी की कारखान्याचे तीन गट ऑफिस लांब लांब होते, आणि तिथले कॉम्प्युटर वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या दुकानातून घेतलेले. प्रोग्राम एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला तर चालत नसे. प्रत्येक ठिकाणी तो नव्यानं बांधावा लागे. बांधणाऱ्याचं खरं नाव कंपायलर, सायेब त्याला गवंडी म्हणत. गवंडी प्रत्येक यंत्रात असतो, पण राहतो निरनिराळ्या जागी. सायबांनी बांधकामाच्या हुकमांची एक यादी करून ठेवली होती. यादीच्या डोक्यावर चार ओळी: या यंत्रात गवंडी इथं राहतो, हे हत्यार तिथं. खाली मग सगळीकडं नुसतं नाव. दुसऱ्या यंत्रावर गेलं की डोक्यावरच्या चार ओळी बदलायच्या, खाली बोट लावायचं नाही.

या राहण्याच्या जागेला इंग्रजीत पाथ म्हणतात. सायेब दिवसातून शंभरदा पाथ म्हणायचे म्हणून सगळा कारखाना त्यांना पाथवाले सायेब म्हणे. यादी वाचताना एक पाय खुर्चीवर घ्यायचे आणि पोथी वाचावी तसं मोठ्यानं वाचायचे. कुणा बाहेरच्या माणसानं केलेल्या यादीत खाली कुठं पूर्ण पत्ता दिसला की ओरडायचे, "आरं, इथं घर बांधलंस का बे? वाटंत घर बांधलंस!"

मला हे काही केल्या समजत नव्हतं. मला त्यांनी इंग्रजी अक्षरं शिकवली, फ्लॉपीच्या चकत्या कशा भरायच्या ते शिकवलं, डोक्यावरच्या ओळी चिठ्ठीवरून बघून बदलायला शिकवल्या. मी करायचो, बैलानं घाणा ओढावा तसं. पण पूर्ण पत्ता लिहिला तर वाईट काय, हे डोक्यात उतरेना. माणसानं पत्ता नीट लिहिला तरच पत्र पोचतं ना?

एक दिवस कँटीन बंद होतं म्हणून सायेब माझ्या घरी जेवायला आले. घर म्हणजे कारखान्यामागची पत्र्याची खोली. आमची चुलीपुढं बसलेली. सायेब ताटावरही मला तेच समजावत होते. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग भाकरी थापता थापताच म्हणाली, "सायेब, मी बोलू का?"

"बोला वहिनी."

"आमी फडावर जातो तवा पोरीला म्हंतो, पाणी आण. 'मारुतीच्या आडाचं पाणी आण' म्हणलं तर ती बिचारी कर्नाटकात मारुतीचा आड कुठं हुडकंल?"

सायबांचा घास हातातच राहिला. "आन् तिनं गढूळ आणलं तर?"

"म्हणून तर गेल्या गेल्या, पैल्याच दिशी एकदा दावून द्यायचं. हितं पाणी म्हंजी ह्या हापशाचं. मंग सीझनभर नुस्तं पाणी म्हणलं की झालं. फड बदलला की परत एकदा दावायचं."

सायबांनी ताट खाली ठेवलं. "पैलवान, दोन वर्षं झाली मी तुला सांगतोय. वहिनींनी एक भाकरी उलटेपर्यंत सांगितलं. वहिनी पास. तू नापास."

"त्यास्नी घरात बी काय कळत न्हाई," ती म्हणाली, आणि दोघं माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. त्या दिवशी मला राग आला नव्हता. 

मग तो दुष्काळ आला. धरणाच्या पोटातला जुना रस्ता उघडा पडला, लोक त्यावरून मोटारसायकली फिरवायला लागले. ऊस उभ्या उभ्या वाळत होता. ज्याचा आधी तुटेल त्याच्या पदरात काही पडेल, मागं राहील त्याचं चिपाड. म्हणजे त्या साली चिठ्ठीला कधी नव्हे ती किंमत.

सीझन सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मुख्य ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. आणि नेमके तेव्हाच सायेब बहिणीच्या ऑपरेशनला अंबाजोगाईला गेले. जाताना म्हणाले, "पैलवान, प्रोग्राम बांधून बघ. अडला तर थांब. मी येतोय सोमवारी."

बांधायला घेतला आणि अडला. पडद्यावर आलं, गवंडी सापडत नाही. नव्या यंत्रात तो तिसऱ्याच जागी राहायला गेला होता. यंत्र बसवून देणारा मेकॅनिक जीपमध्ये बसत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "पूर्ण पत्ता टाका ना राव, चालतंय," आणि गेला.

मी डोक्यावरची ओळ बदलायची सोडून खाली, जिथं जिथं गवंड्याचं नाव होतं तिथं तिथं, त्याचा पूर्ण पत्ता टाकला. पाच ठिकाणी. एकेक अक्षर हुडकत टाकला. आणि प्रोग्राम बांधला गेला! खरं सांगतो, माझ्या पोरीच्या जन्मालाही मी इतका खूश झालो नव्हतो. चौथी शिकलेल्या माणसानं लिहिलं आणि यंत्रानं ऐकलं.

सोमवारी सायेब आले. सांगणार होतो. पण ते दोन दिवसांचे उपाशी, तारवटलेले, त्यात सीझनची पहिली मोळी टाकायची पूजा तोंडावर. म्हणलं, पूजा झाल्यावर सांगू. आणि आतून हेही होतं की ते म्हणतील, वाटंत घर बांधलंस बे. माझी एवढी एक गंमत मला चार दिवस जपायची होती.

त्यांनी विचारलं, "बांधला का?"

"बांधला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. मी त्याच यादीच्या चकत्या भरल्या आणि दुधाच्या जीपमधून तिन्ही गटांवर पोचवल्या. तिथल्या बाबूंना सांगितलं, मोळी पडली की चालवा.

मोळी पडली आणि तिन्ही ठिकाणी प्रोग्राम अडला. तिथल्या यंत्रात त्या पत्त्यावर कुणी राहतच नव्हतं. डोक्यावरच्या ओळी बाबूंनी बरोबर बदलल्या होत्या, पण खाली मी पाच घरं बांधून ठेवलेली. फोन त्या वेळी धड लागत नसत. सायेब मोटारसायकलवर एकेक गट फिरून दुरुस्ती करेपर्यंत तीन दिवस गेले. तीन दिवस चिठ्ठ्या हातानं निघाल्या. कुणाच्या निघाल्या ते सांगायची गरज नाही. सगळ्या टोळ्या मोठ्यांच्या रानात जाऊन बसल्या, आणि एकदा बसलेली टोळी मध्येच उठवता येत नाही.

एक म्हातारी बाई, सायबांच्या यादीत तिची पाळी पहिल्या दिवशी होती, वाळलेला ऊस घेऊन खोलीत आली. चपला काढून आत आली. सायबांच्या पुढ्यात, बटनांच्या पाटीवर, तो ऊस आडवा ठेवला आणि गेली.  तो सायबांनी उचलून कपाटावर ठेवला, टाकू दिला नाही.

मग मीटिंग झाली. एम.डी., चार संचालक, तीन बाबू. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. एम.डी.नं यादीचा कागद आपटला. "ह्या ओळी कुणाच्या?"

सायेब म्हणाले, "माझ्या नाहीत."

"मग कुणाच्या? कॉम्प्युटरवाले तुम्हीच ना?"

"ज्याच्या असतील त्यानं सांगावं."

एक संचालक हसला. "भूत येऊन लिहून गेलं म्हणा की."

सायबांनी कुणाकडं बघितलं नाही. माझ्याकडं तर अजिबात नाही. ट्रेमध्ये नऊ कप होते. ते वाजू नयेत म्हणून मी श्वास धरून उभा होतो, हे मला चांगलं आठवतं. त्याच महिन्यात रोजंदारीवाल्यांतनं कायम कुणाला करायचं याची यादी निघणार होती, आणि तिच्यात माझं नाव होतं. मी कप वाटले आणि बाहेर आलो.

सायबांना काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. त्यांना कारखान्याच्या चारा छावणीवर टाकलं, जनावरं मोजायला. मी कायम झालो.

घरी येऊन आमचीला सांगितलं. तिनं हात जोडले, कोयता माळ्यावर टाकला. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आवो, हरखायच्या टायमाला असं तोंड कावून?" तिच्यापुढं माझं काही टिकत नसे. सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुझ्यासाठीच गप बसलो. तुला परत फडावर जायला लागू नये म्हणून."

ती उठली. माळ्यावरचा कोयता काढला आणि उंबऱ्यापाशी आणून ठेवला.

"माझं नाव फुडं करू नका. मी फडावर जाऊन खाल्लंच आस्तं. तुमी जाऊन सांगून या."

मी गेलो नाही. त्या साली ती खरंच फडावर गेली, तिच्या रांडमुंड बहिणीबरोबर. कायम झालेल्या शिपायाची बायको! लोक मला विचारायचे, भांडण झालं का? मी म्हणायचो, तिला सवय हाय.

छावणीवर मात्र एकदा गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. सायेब तिथंही तसेच, उन्हात स्वेटर. बाकीचे कारकून जनावरांची नोंद दावणीप्रमाणे ठेवायचे, तिसरी रांग, सातवा खुंटा. सायेब ठेवायचे नावाप्रमाणे. सोन्या, कपिली, वाकड्या शिंगाची म्हातारी. कारकून त्यांना हसायचे. मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी वावटळीत सगळा मांडव उडाला होता आणि जनावरं रानोमाळ पांगली होती. परत आणून बांधली ती कुठल्याही खुंट्याला. कारकुनांच्या वह्या रद्दी झाल्या आणि सायेब पत्र्याच्या डब्यावर उभे राहून एकेका जनावराला नावानं हाका मारत होते. मालक हसत हसत आपापली ओळखून नेत होते.

मला बघून खाली उतरले. "पैलवान, कायम झालास म्हणं. पेढे कुठायत?"

मी पेढे नेले नव्हते. जे सांगायला गेलो होतो तेही सांगितलं नाही. "वहिनी कशा हायत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बऱ्या हायत. ती तेव्हा फडावर होती.

पाऊस झाला, छावणी उठली, आणि सायेब नोकरी सोडून घाटनांदूरला बहिणीकडं गेले. जाताना माझ्यासाठी बाबूकडं पत्त्याची चिठ्ठी ठेवून गेले. ती आमचीनं देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली. दर साली मोळी पडल्याचा भोंगा झाला की म्हणायची, "या साली तरी जाणार का?" आणखी काही नाही, एवढंच.

एका साली गेलो. चिठ्ठीवरचं घर सापडलं, दाराला कुलूप. पाच मिनिटं उभा राहिलो आणि पुढच्या गाडीनं परत आलो.

ती म्हणाली, "कुनाला इचारलं का?"

"कुलूप होतं म्हणतो ना."

"नावानं इचारलं का कुनाला?"

मी चप्पल काढायला वाकलो.

"पत्ता धरून गेले आन् पत्ता धरून आले," ती म्हणाली. "त्या मानसानं येवढी वर्षं काय शिकिवलं तुमाला?"

खरं तर तिनं ओळखलंच होतं. कुलूप बघून मला बरं वाटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

ती या चैत्रात गेली. पंधरा दिवस दवाखान्यात होती. बोलणं बंद व्हायच्या आधी पोरीला म्हणाली, कणकीचा डबा खालच्या फळीवर हाय. मला काही म्हणाली नाही. म्हणायचं ते सगळं ती सोळा वर्षं म्हणतच होती.

तेरावं झालं, पोरगी गेवराईला तिच्या घरी गेली, आणि मी घाटनांदूरची गाडी धरली. चिठ्ठी मुद्दाम घरी ठेवली. स्टँडवर भाजीवालीला नाव सांगून विचारलं. ती लगेच म्हणाली, "ते व्हय? चहा सांगताना हॉटेल सांगू देत न्हाईत ते? देवळामागं." देवळामागं विचारलं तर एक जण हात धरून दारापर्यंत घेऊन गेला. जुन्या घरापासून दोनशे पावलं असतील. मी कुलूप बघून परत फिरलो तेव्हाही सायेब इथंच राहत होते, त्यानंच सांगितलं.

सायेब बाजेवर बसलेले, अंगात स्वेटर. डोळे गेलेत. पण मी "सायेब" म्हणालो आणि मान वळली.

"पैलवान."

मी बसलोसुद्धा नाही. "सायेब, त्या पाच ओळी माझ्या होत्या."

"सहा."

"आं?"

"सहा होत्या. पाच बांधकामात, एक खाली जुनं बांधकाम पुसायच्या हुकमात. ती तू विसरलास."

"तुमाला ठावं होतं?"

"ओळ संपल्यावर तू दोनदा जागा सोडतोस. दुसरं कोण सोडतंय?"

"मग मीटिंगात बोलला कावून न्हाई?"

"माझ्या नाहीत एवढं मी बोललो. तुझ्या आहेत हे तू बोलायचं होतंस." त्यांनी चाचपून स्वेटरची बाही खाली ओढली. "तीन-चार वर्षं राग होता तुझा. लई होता. त्या म्हातारीच्या उसाचा जास्त. मग हे डोळ्यांचं आलं, आणि राग धरायला सवड मिळाली नाही." मग त्यांचा जुना आवाज चढला. "पण मला सांग, वर एकदाच का नाही लिहिलंस बे? एक ओळ होती! एक!"

मी त्यांच्या पायापाशी खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. त्यांना वाटलं त्या ओळींसाठी रडतोय. डोळे असते तर माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघून त्यांना कळलं असतं.

"घर कसं सापडलं?" त्यांनी विचारलं.

"नावानं इचारलं."

ते हसले. दात राहिले नाहीत आता. माझ्या पाठीवर थापटून म्हणाले, "वहिनींना जाऊन सांग, पैलवान पास झाला म्हणून. उशिरा झाला, पण झाला. आणि पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये. एवढ्या लांब एकटाच काय आलास?"

मी म्हणालो, "सांगतो."

 चहा प्यालो, पाया पडलो, गाडीत बसलो. घरी येऊन कुलूप काढलं, आणि आत कुणी नव्हतं की जिला म्हणावं, जाऊन आलो, सांगून आलो. कोयता अजून उंबऱ्यापाशी आहे.

एक गोष्ट सांगायला गेलो आणि दुसरी लपवून आलो. त्या माणसापासून, परत, तिच्याच बाबतीत. तो तिकडं वाट बघत असेल, पुढच्या वेळी वहिनी येतील म्हणून.

परवाच्या गाडीनं जाणार आहे. या वेळी जा म्हणणारं घरात कुणी नाही. माझं मलाच जायचंय.